सालाझार आणि दोन सनदा

१९५५ सालच्या डिसेंबरातले आठ दिवस लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १४ तारखेला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९४६ पासून रशियाच्या नकाराधिकाराने दारातच अडकलेला हा देश सोळा देशांच्या घाऊक प्रवेशात एकदाचा आत आला. १९ तारखेला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार आपल्याला मान्य असल्याचे कळवले. २२ तारखेला त्याच न्यायालयात भारतावर दावा ठोकला : दमणहून दादरा आणि नगरहवेलीकडे जायला भारत वाट देत नाही, ती मिळवून द्यावी. पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांचे पत्र नव्या सभासदांना गेले. स्वतःचा कारभार स्वतः न पाहणारे प्रदेश तुमच्या अमलाखाली आहेत काय, असतील तर सनदेच्या ७३ व्या कलमाप्रमाणे त्यांची माहिती पाठवा, असा त्याचा आशय. त्याच वर्षी लिस्बनचे उत्तर आले : असा एकही प्रदेश आमच्याकडे नाही. गोवा नाही, अंगोला नाही, मोझांबिकही नाही.

एका हाताने राष्ट्रसंघाच्या न्यायालयात दाद मागायची आणि दुसऱ्या हाताने त्याच राष्ट्रसंघाचा साधा प्रश्न परत पाठवायचा, याला आपल्याकडचे बहुतेक लेखक ढोंग म्हणून मोकळे होतात. मला ते पुरेसे वाटत नाही. अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षे तो पोर्तुगालचा पंतप्रधान होता आणि आपल्या बोलण्याचा ताळमेळ तो काटेकोरपणे राखत असे. त्याच्या हिशेबात या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच होत्या. हेगच्या न्यायालयात प्रश्न कागदाचा होता : अमुक जमिनीवर अमुक राज्याचा हक्क लिहून दिलेला आहे की नाही. ७३ व्या कलमाचा प्रश्न माणसांचा होता : तिथे राहणारे लोक स्वतःचा कारभार पाहतात की नाही. राज्याला विचारणारी संस्था त्याला चालत होती, राज्याखालच्या माणसांबद्दल विचारणारी नको होती. अनुदार सरकारे राष्ट्रांच्या वरच्या संस्थांची वैधता नाकारतात तेव्हा त्यांचा नकार नेमका या रेषेवर उभा असतो. त्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि तो आपल्या अंगणातला आहे.

या नकाराची तयारी सभासदत्वाच्या आधीच झाली होती. १९३० च्या वसाहत कायद्यात पोर्तुगाल आपल्या ताब्यातल्या मुलखांना उघडपणे वसाहती म्हणत होता आणि त्यांना सुधारणे हे आपले ऐतिहासिक कार्य मानत होता. १९५० मध्ये भारताने गोव्याबद्दल वाटाघाटींची विनंती केली, तेव्हा लिस्बनने या विषयावर चर्चाच होऊ शकत नाही असे कळवले. नंतर जून १९५१ मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली, वसाहत कायदा तिच्यात मुरवला गेला आणि ‘वसाहत’ हा शब्द जाऊन ‘समुद्रापलीकडचा प्रांत’ हा शब्द आला. पणजीत त्या दिवशी काहीही बदलले नाही. गव्हर्नर जनरल तोच, लिस्बनहून येणारे हुकूम तेच, वर्तमानपत्रावर छापण्याआधी चालणारी कात्री तीच. बदलले ते एवढेच की पुढे कोणी ‘तुमच्या वसाहतींचे काय’ असे विचारले तर ‘वसाहती कुठे आहेत’ असे कायद्याचे पुस्तक उघडून विचारता येणार होते. आपण म्हणजे मिन्यो प्रांतापासून तिमोरपर्यंत पसरलेले एकच राष्ट्र, हे पालुपद तेव्हापासून घोकले गेले. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयर यांना १९५१-५२ मध्ये सरकारी निमंत्रणावर गोव्यासह यांपैकी अनेक मुलखांतून फिरवण्यात आले. पोर्तुगीज माणूस उष्ण कटिबंधातल्या लोकांत सहज मिसळतो, या त्यांच्या सिद्धान्ताने त्या पालुपदाला विद्वत्तेचा साजही चढवला.

नाव बदलण्याला एरवी कोणाची हरकत असायचे कारण नाही. त्याच दशकात नागपूरजवळच्या खापरखेड्याने जागचे न हलता चार वर्षांत तीन राज्ये पाहिली. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत ते मध्य प्रदेशात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पण या बदलांच्या मागे १९५३ चा नागपूर करार होता, राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेला फाजल अली आयोग होता, आयोगाकडे आलेली निवेदने होती, मोर्चे होते, मुंबईतला गोळीबार होता. त्या आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही, आणि ते चुकले असे म्हणणारे विदर्भात आजही जाहीर सभा घेतात. सगळ्यांच्या मनासारखे झाले नाही, पण सगळ्यांना बोलता आले. सालाझारच्या १९५१ च्या नामांतराला ना आयोग होता ना निवेदन. ज्यांचे नाव बदलले त्यांना विचारले गेले नव्हते, आणि कोणी न विचारता बोललाच तर त्याचे काय होते हे गोव्याने आधीच पाहिले होते.

त्रिस्ताव द ब्रागांस कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर इंग्रजीत एक छोटी पुस्तिका लिहिली. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया आणि जुलियांव मिनेझिस यांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्याच वर्षी कुन्हांना लष्करी न्यायालयासमोर उभे करून आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांचा गुन्हा तर एका शब्दाचा. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशातल्या एका मेजवानीत कोणी वक्ता गोवा म्हणजे पोर्तुगाल अशा अर्थाचे बोलला, गायतोंड्यांनी ‘माझा निषेध’ एवढेच उच्चारले, आणि त्यांना अटक होऊन लिस्बनला नेण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. पोर्तुगाल राष्ट्रसंघात आला तो यानंतर अवघ्या चार महिन्यांनी. त्याच वर्षी पकडले गेलेले मोहन रानडे यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे, १९६९ च्या जानेवारीपर्यंत, ते लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगातच राहिले.

हा तपशील मुद्दाम मांडला, कारण ७३ व्या कलमाची भीती कशाची होती हे त्याशिवाय कळत नाही. ते कलम वाचले तर फार सौम्य आहे. प्रदेश सोडून द्या असे ते म्हणत नाही. चौकशी समिती पाठवू असेही म्हणत नाही. आर्थिक, सामाजिक आणि शैक्षणिक परिस्थितीची आकडेवारी सरचिटणीसांना माहितीसाठी पाठवत जा, तीसुद्धा सुरक्षिततेच्या आणि घटनात्मक मर्यादा सांभाळून, एवढीच त्याची मागणी. शाळा किती, दवाखाने किती, मजुरी किती, याचे वार्षिक टिपण. ब्रिटन आणि फ्रान्स आपापल्या अनेक वसाहतींबद्दल ते पाठवत आले होते. सालाझारने तेवढेही नाकारले, कारण आकडा पाठवला की तो आकडा वाचणारा कोणी तिसरा आहे हे कबूल होते. गायतोंड्यांचा एक शब्द मेजवानीच्या टेबलावर दाबता येत होता, कुन्हांची पुस्तिका जप्त करता येत होती. पण त्याच गोष्टी न्यूयॉर्कमधल्या समितीपुढे गेल्या तर तिथे लिस्बनचा सेन्सॉर चालणार नव्हता. घरातली शांतता आणि बाहेरच्या संस्थेचा इन्कार ही दोन वेगळी धोरणे नव्हती. पहिली टिकवायची तर दुसरे करावेच लागते.

आता हेगची गोष्ट, कारण मराठी वाचकाला तिच्यात विशेष रस वाटावा. दादरा आणि नगरहवेली ही दमणपासून आत, भारतीय मुलखाने वेढलेली दोन ठाणी. २२ जुलै १९५४ च्या सुमारास दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा तिथल्या आणि बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांनी सोडवले. विश्वनाथ लवंदे, राजाभाऊ वाकणकर आणि संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. भारताने पोर्तुगीज शिपायांना दमणहून वाट दिली नाही म्हणून ही ठाणी गेली, असा पोर्तुगालचा दावा. मालकीचा आधार म्हणून त्यांनी दाखवला तो पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या मराठ्यांच्या सनदा. तहाच्या सतराव्या कलमात दमण भागातल्या बारा हजार रुपये उत्पन्नाच्या गावांची नेमणूक पोर्तुगीजांना करून देण्याची गोष्ट होती. तहाच्या मराठी आणि पोर्तुगीज पाठांत फरक होता. पोर्तुगालचे म्हणणे, याने सार्वभौमत्व मिळाले. भारताचे ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांचा पक्ष असा की मिळाला तो महसूल. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालयाने मराठ्यांची भाषा बारकाईने पाहिली आणि हे केवळ सरंजामी किंवा जहागिरीचे उत्पन्न होते, मुलखाचे धनीपण नव्हे, असे ठरवले. सरंजाम म्हणजे काय हे पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कोणाही कारकुनाने सांगितले असते. ते दोन्ही पक्षांचे दोन धरून पंधरा न्यायाधीशांना, ज्यांत भारताकडून न्यायमूर्ती छागला होते, युरोपात बसून ठरवावे लागले. पुढे इंग्रजी अमलात मात्र पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मुकाट्याने मान्य होत गेले, हेही न्यायालयाने नोंदवले. म्हणून नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट असण्याचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

या साऱ्या खटल्यात सिल्वासातल्या वारली किंवा कोकणा शेतकऱ्याला काय हवे हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारणे त्या न्यायालयाचे कामही नव्हते. म्हणूनच तर सालाझारला ते न्यायालय पसंत होते. पेशव्यांची सनद त्याला चालत होती कारण ती एका धन्याने दुसऱ्याला दिलेली. राष्ट्रसंघाची सनद नकोशी झाली कारण तिच्या ७३ व्या कलमात रहिवाशांचे हित सर्वोपरी मानले होते. मराठीत दोन्ही कागदांना एकच शब्द आहे, पण एकात रयत महसुलाच्या आकड्यात दडलेली आहे आणि दुसऱ्यात ती स्वतः उभी आहे.

निकालानंतर आठ महिन्यांत राष्ट्रसंघाने हा वाद आपल्या परीने मिटवला. १४ डिसेंबर १९६० ला वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ८९ मतांनी संमत झाला. विरोधात एकही मत नव्हते, नऊ देश तटस्थ राहिले आणि पोर्तुगाल त्यांत होता. दुसऱ्या दिवशीच्या ठरावात केप व्हर्दे, गिनी, अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर यांच्याबरोबर गोवा आणि त्याचे उपप्रदेश नावानिशी यादीत घातले गेले : हे प्रांत नव्हेत, माहिती द्या. यावर लिस्बनचा सूर पालटला. तोवर ‘हा आमचा घरचा मामला’ असे म्हणणे होते, आधार सनदेच्या दुसऱ्या कलमातल्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याच्या उपकलमाचा. आता ‘ही संस्थाच भ्रष्ट झाली’ असे सुरू झाले. नवे आफ्रो-आशियाई देश आणि साम्यवादी गट यांच्या बहुमताने राष्ट्रसंघ पळवला आहे, मूळ सनदेशी आम्हीच एकनिष्ठ आहोत, असा तो युक्तिवाद. १९६१ पासून परराष्ट्रमंत्री असलेल्या फ्रांको नोगेरा यांनी त्यावर एक पुस्तकच लिहिले. पोर्तुगालने राष्ट्रसंघ सोडला नाही हे ध्यानात घ्यावे. मुक्तिसंघटनांना मदत करते म्हणून युनेस्को मात्र १९७२ मध्ये सोडली. मुख्य घर सोडले तर तिथे बसून त्याला नावे ठेवण्याचा हक्क जातो.

या युक्तिवादात काहीच दम नव्हता असे म्हणणे सोयीचे होईल, पण खरे होणार नाही. वसाहत ओळखण्याची राष्ट्रसंघाची कसोटी होती ती भौगोलिक वेगळेपणाची. समुद्र मध्ये असला तर वसाहत, जमीन सलग असली तर देश. मध्य आशियातली सोव्हिएत प्रजासत्ताके तिच्यातून अलगद निसटली. बेल्जियमने तर उघड म्हटले होते की स्वतंत्र देशांच्या पोटातल्या मागास जमातींनाही ७३ वे कलम लावा, आणि हे ऐकताना भारतासारख्या देशांना अवघडल्यासारखे व्हावे हा त्यामागचा हेतू लपलेला नव्हता. निवड पक्षपाती होती, हे मान्य. पण पक्षपात दिसला तर दोन मागण्या करता येतात : इतरांनाही विचारा, किंवा मलाही विचारू नका. ताश्कंदच्या माणसालाही विचारा अशी मागणी करत आपले गोव्याचे आकडे टेबलावर ठेवणारा पोर्तुगाल जगाला अडचणीत टाकू शकला असता. त्याने नेहमी दुसरी मागणी केली. एवढ्यावरून त्याची तक्रार न्यायाची होती की सुटकेची होती ते ठरवता येते.

याहून अवघड आक्षेप गोव्याच्या कायदेशीर स्थितीचा आहे. अंगोला-मोझांबिकमध्ये १९६१ पर्यंत बहुसंख्य काळ्या लोकांना नागरिकत्वच नव्हते, त्यांच्यासाठी वेगळा ‘देशी’ लोकांचा कायदा होता. गोव्याला तो लागू नव्हता. गोवेकर पोर्तुगालचा नागरिक होता, लिस्बनमध्ये डॉक्टर, प्राध्यापक, न्यायाधीश होत होता, लिस्बनच्या संसदेत गोव्याचा प्रतिनिधी बसत होता. मग गोवा वसाहत कसा? हा मुद्दा मांडणारे गोव्यातही होते आणि सगळेच पगारी नव्हते. त्याला उत्तर लिस्बनच्याच इतिहासात आहे. त्या संसदेत एकाच पक्षाला जागा होत्या. १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जनरल उंबेर्तो देलगादो यांनी खरी लढत दिली, तर पुढच्याच वर्षी लोकांनी थेट राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धतच रद्द झाली, आणि १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी देलगादोंचा खून केला. म्हणजे गोवेकर लिस्बनकराच्या बरोबरीचा होता हे खरेच. दोघांनाही कोणी विचारत नव्हते. अशा बरोबरीने ७३ व्या कलमाचे उत्तर होत नाही.

आणि भारताचे काय? १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा शस्त्रसंधीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव सात विरुद्ध चार मतांपर्यंत गेला आणि रशियाच्या नकाराधिकाराने पडला. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी सनद असो नसो, परिषद असो नसो, वसाहतवाद संपवण्याचे आपले मूळ तत्त्व भारत सोडणार नाही, अशा अर्थाचे वाक्य उच्चारले. ते आज वाचताना अस्वस्थ व्हावे असेच आहे. सनदेवर इतकी भिस्त ठेवलेल्या देशाच्या तोंडी ते शोभले नाही, असे माझे मत. परंतु दोन गोष्टी फरकाच्या आहेत. दिल्लीच्या या कृतीवर भारतातच टीका झाली. राजाजींनी, भारताने लष्करी बळाविरुद्ध बोलण्याची नैतिक ताकद गमावली असे लिहिले, ते छापले गेले आणि त्यांना कोणी पेनिशला नेले नाही. दुसरीकडे पणजीतल्या गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांना सालाझारचा हुकूम होता तो जिंका किंवा मरा असा; १९ तारखेला त्यांनी शरणागती पत्करून गोव्यातली माणसे आणि घरे वाचवली, म्हणून मायदेशी गेल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. राष्ट्रांच्या वरच्या संस्थेचा अवमान उदार देशही करतात. पण तो अवमान त्यांच्या घरात वादाचा विषय होऊ शकतो, आणि म्हणून दुरुस्त होण्याची थोडी तरी शक्यता राहते.

सालाझारचा हा जुना सरंजाम अजून खपतो. २०१४ मध्ये हंगेरीच्या व्हिक्तोर ऑर्बान यांनी आपल्याला अनुदार राज्य उभारायचे आहे असे जाहीर भाषणात सांगितले. युरोपियन युनियन सोडण्याची भाषा न करता तिच्या संसदेच्या २०१८ च्या कारवाईला ‘ब्रुसेल्सचा हस्तक्षेप’ ठरवत तिचा निधीही घेतला. पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये युरोपीय कायद्यातली काही कलमे आपल्या घटनेशी विसंगत असल्याचे सांगितले. फिलिपिन्स २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून बाहेर पडला तो अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांची प्राथमिक तपासणी सुरू झाल्यावर. या सगळ्यांतला फरक मोठा आहे आणि यांपैकी कोणी सालाझार नव्हे, तिथे निवडणुका होतात आणि सरकारे पडतातही. तरी नाव बदलणे, घरचा मामला म्हणणे, संस्था शत्रूंनी बळकावली म्हणणे आणि फायद्याचे कलम तेवढे वापरणे, ही हत्यारे १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत गोव्याच्या निमित्ताने घासून धार लावलेली दिसतात.

सालाझार १९७० मध्ये वारला. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते १९७४ च्या क्रांतीनंतर, त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिल्लीत झालेल्या करारात. तोपर्यंत लिस्बनच्या कायद्यात ‘पोर्तुगीज भारत’ नावाचा प्रांत जिवंत होता. पण ७३ व्या कलमातला प्रश्न गोवेकरांना त्याआधीच, आणि तोही आपल्यालाच अवघड जाईल अशा रूपात, विचारला गेला होता. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल घेण्यात आला : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे. बहुतेक मराठी वर्तमानपत्रे, मराठी पुढारी आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूने होते. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. गोवा वेगळा राहिला.